दोघींचा चष्मा

चष्मा एकच होता.
आर्वीच्या नेत्रशिबिरात मिळालेला,
कौतिकआत्याच्या नावावर,
पण नीट बसायचा तो देवकाबाईच्या नाकावर.
डावी काडी मोडलेली, तिथं घरच्या कापसाचा वळलेला दोरा,
कानाला दोन वेढे.

ने-आण करायची मी.
सकाळी आठला आमच्याकडे: आत्या तूर निवडायची,
आणि पोस्टमन निराधारचे पैसे घेऊन आला
तर अंगठा नव्हे, सही.
"कौतिका". त्यातल्या 'क'चं पोट जरा जास्तच फुगलेलं.
बारा वाजले की बोळीपलीकडे,
देवकाबाईला वाकळ शिवायची असे.
वैशाखात तळपाय पोळायचे.
मी कडुनिंबाच्या सावलीतून भोयरांच्या गोठ्याच्या सावलीत
एका दमात पळायची,
चष्मा फ्रॉकच्या खिशात,
हात खिशावर.

चष्म्यासोबत निरोप जायचे.
"सांगजो तिले, तुरीत लयच खडे निंगाले."
"सांगजो, माह्या सुनेनं आज भाजीत मीठच नाई टाकलं."
"काच पुसून देत जाय म्हना, हयदीचे बोटं लागते."
बोळ ओलांडेपर्यंत निम्मे निरोप मी विसरायची,
उरलेले आपल्या मनानं वाढवून सांगायची.
त्या दोघींनी मला कधी पकडलं नाही.
किंवा पकडलं असेल.

एकदा भांडल्या.
कारण एक कोंबडी,
आणि त्या कोंबडीहून पुष्कळ जुनं काहीतरी,
जे मला कोणी सांगितलं नाही.
अकरा दिवस अबोला.
चष्मा मात्र वेळेवर जायचा, वेळेवर यायचा,
बिननिरोपाचा.
बाराव्या दिवशी आत्या कितीतरी वेळ पदरानं काच पुसत बसली.
म्हणाली, "काई सांगू नोको. फक्त दे."
देवकाबाईनं तो हातात घेतला, डोळ्यांना लावला नाही,
उजेडाकडे धरून पाहत राहिली.
मग उठली आणि माझ्या हाती
वाटीभर जवसाची चटणी दिली.

आत्या गेली पौषातल्या एका रात्री, झोपेत.
चष्मा तेव्हा पलीकडे होता.
देवकाबाई सगळ्यांच्या आधी आली.
रडली नाही. उंबऱ्याशी बसून म्हणत राहिली,
"सकायची पाळी तिची होती.
म्या रातीच धाडाले पायजे होता."
जणू आत्याला आता
पुढची वाट नीट दिसणार नव्हती.

तेरवी झाली.
दुसऱ्या दिवशी सकाळी आठला
माझे पाय आपले आपण बोळ ओलांडून गेले.
देवकाबाईनं काही विचारलं नाही,
काच पुसली, चष्मा दिला.
मी तो आत्याच्या कोनाड्यात ठेवला, सुपाच्या वर,
आणि बारा वाजता परत नेऊन दिला.
होळीपर्यंत हे असंच चाललं.
आईला दिसत होतं. बाबांनाही.
आमच्या घरात एरवी कोणीही कोणालाही बोलायचं,
यावर कोणी बोललं नाही.

मागच्या महिन्यात सुई ओवता ओवेना,
म्हणून वर्धेला चष्म्याच्या दुकानात गेले.
पोरगा म्हणाला, "काकू, दीड नंबर."
नवा चष्मा हलका, दोन्ही काड्या शाबूत,
तरी घरी येताना बसमध्ये
माझा हात पर्सवरच होता.

त्याच रात्री कुंदाचा फोन.
देवकाबाईची नात, माझ्याच बाकावरची,
आता पांढरकवड्याला मास्तरीण.
बुढीची पेटी उघडली म्हणे,
चिंध्यांच्या गाठोड्यात सापडला.
दोरा तसाच आहे.
"पाठवू का तुयाकडं?"

मी घड्याळ पाहिलं. साडेनऊ.
म्हटलं, "राहू दे. आत्ता पाळी तुमची हाये."

तिकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग नाक ओढून कुंदानं विचारलं,
"काहो, ते कोंबडीचं नेमकं काय होतं वं?"