उरलेलं नाक

न्यूकॅसलच्या संग्रहालयाचं तळघर.
हीटर खोकतो, दोन अंश वाढवतो, गप्प बसतो.
ट्रे क्रमांक अकरा. जोगळटेंभीकडची म्हणतात
ही चांदी, खात्री कुणालाच नाही.
एकेक नाणं सव्वादोन ग्रॅमचं, कोटाच्या बटणाएवढं.

आधी नहपानाचा चेहरा. शक, क्षत्रप, परका.
भोवती मोडक्या यवनी अक्षरांची झालर,
वाचता कुणालाच न येणारी, पण रुबाबाची.
मग त्याच्यावर हातोडा:
सातवाहनांचा तीन कमानींचा डोंगर
थेट गालफडावर.

वितळवलं का नाही? मॉरीन विचारते.
वेळ नसेल. कोळसा महाग असेल.
किंवा हरलेल्याला
गावोगावच्या बाजारात फिरवायचं असेल.
पण ह्या एकावर घाव तिरका बसलाय.
डोंगराच्या पायथ्याशी नाक राहिलंय,
आख्खं.
आमच्यात नाक कापणं म्हणजे काय
हे तिला सांगेपर्यंत चहा गार होतो.

मॉरीन वॉल्सेंडची, रोमनांची भिंत संपते तिथली.
घरी जाते म्हणताना ‘ह्येम’ म्हणते.
शब्द नॉर्स लुटारूंचा, तीच सांगते.
मठ जाळले, साधू कापले,
आणि जाताना घराला नाव देऊन गेले.
गेले तरी कुठे म्हणा,
तिचे आजोबा सहा फूट चार इंच होते, दाढी तांबडी.

फॉर्मवर एकच चौकोन: राजा.
दोन नावं भरली की पडदा लाल होतो.

खिशात फोन थरथरतो.
नाशिकहून गिरिधरने मुलाच्या मुंजीची पत्रिका धाडलीय.
श्रीगजाननप्रसन्न, खाली मिती,
शके एकोणीसशे सत्तेचाळीस.

शके.

त्याच गावच्या लेण्यात राजाच्या आईने
कोरून घेतलंय की लेकाने त्यांचा निर्वंश केला.
मी शाळेच्या सहलीत त्या ओळींवरून बोट फिरवलं होतं,
गुरुजी ओरडेपर्यंत.
मग हे कोण येऊन बसलंय
बटूच्या नावाच्याही आधी,
अक्षतांच्या आधी,
दर पंचांगाच्या पहिल्या पानावर, पाय पसरून?

नाणं पुडीत ठेवताना अंगठ्याला नाक लागतं.
चौकोन रिकामाच.
मॉरीन एकेक दिवा मालवत येते, कोट घातलेला.
‘ह्येम?’
हो, म्हणतो मी,
आणि पेन्सिलीने, खोडता येईल असं,
समासात लिहितो: दोघे.