सहा टक्के

रबाळ्यात सॉल्व्हंटच्या पिंपांपाशी सत्तावीस वर्षं काढली,
नाक तिथेच राहिलं.
निरोपाला कंपनीने घड्याळ दिलं.
नाकाचं कुणी काही बोललं नाही.

आता घणसोलीत, गॅसच्या ओट्यावर
पातेल्यात पाणी, पाण्यात दुसरं पातेलं,
त्यात सोया मेणाच्या पापड्या.
कडेकडेने आधी ओलसर होतात,
मग एकदम गोड्या तेलासारख्या सपाट.

थर्मामीटर माझ्याकडे.
पासष्टला सुगंध, शंभर ग्रॅमला सहा,
थेंब इकडे नाही की तिकडे.
वात मधोमध राहावी म्हणून
दोरीवरचा चिमटा काढून पेल्यावर आडवा.

"काय घातलंत?" मालिनी बाहेरून.
बाटली वाचून सांगतो, केवडा.
"अहो, हा खस आहे!
लेबल चुकवलंय मेल्याने."
केवडा खोडतो. तिच्या नाकावर माझा हिशेब.

दोन आठवडे पेले कपाटात मुरतात,
लोणच्याच्या बरणीला चिकटून.
मग एकेक पेटवायचा, ट्यूबलाइट बंद करून.
ती डोळे मिटते.
मी घड्याळ बघतो, कंपनीचंच,
आणि वहीत लिहितो :
सोनचाफा, अकरा सेकंद.
मोगरा, नाक मुरडलं. पुढच्या खेपेला पाच टक्के.

खस.
काटा एक फेरी मारून आला.
मेण काचेच्या कडेपर्यंत वितळलं, वात किंचित कलली,
तरी डोळे मिटलेलेच.
"माठ," एवढंच म्हणाली.
कुठला, कुणाच्या घरचा, काही नाही.

सेकंदांच्या रकान्यात
मी माठ लिहिलं.