बडग्याचं नाक

पोळ्याच्या रात्री साडेदहाला गुलाब बोकडे
इतवारीहून स्कूटरवर आला.
मागच्या सीटवर दोरीनं बांधलेलं एक डोकं,
कागदाच्या लगद्याचं, अजून ओलं.
"मॅडम, तुम्ही तं पाह्यलं आहे न त्याले.
नाक असंच आहे काय?"

मी चष्मा शोधला.
टोपी बरोबर होती. मिशा अंदाजानं.
छातीवर थर्माकोलचा अणुबॉम्ब सकाळी लावतो, म्हणाला.

खरं सांगायचं तर मी त्याला कधी पाहिलंच नाही.
अकरा वर्षांत पाहिली ती तसबीर
आणि तसबिरीखाली पाठ ताठ करून बसणारी माणसं.
मी दुभाषी.
दुभाष्याला स्वतःचा "मी" नसतो.
ते म्हणाले, मी सही करणार नाही,
की मी म्हणायचे, मी सही करणार नाही.
ते म्हणाले, मी तुमच्या शहरांची राख करीन,
की तेही माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात,
आणि नंतर एक घोट पाणी.
मग इकडचे बोलत. पुन्हा मी, मी.

एकदा तीन दिवस एका क्रियापदावर अडलो.
आम्हाला हवं होतं मोडणं.
ते म्हणत होते गोठवणं.
माझ्या डोळ्यांपुढे धरमपेठेतला मे,
वाळ्याच्या ताट्या, कूलरची घरघर,
वीज गेली की बर्फाचं काय होतं ते.
बोलले नाही. दुभाष्यानं पदरचं घालायचं नसतं.
चौथ्या दिवशी त्यांच्या भाषेत एक शब्द सापडला:
शहरात त्याचा अर्थ थांबणं,
खेड्यात, दम खाणं.
दोघांनी आपापला अर्थ खिशात घातला.
टाळ्या नाहीत. जेवण झालं.

जेवताना त्यांच्या उपमंत्र्यानं विचारलं, गाव कोणतं?
म्हटलं, देशाच्या मधोमध.
एक दगडी खांब आहे, शेजारी चार घोडे,
सगळी अंतरं म्हणे तिथून मोजायचे.
तो मूळचा इंजिनिअर.
रुमालानं ओठ टिपत म्हणाला,
"माहीत आहे. आम्हीही मोजलंय."
आणि लगेच, घाईघाईनं,
पाकिटातला मुलीचा फोटो दाखवला.
समोरचे दोन दात पडलेले.
ती धमकी होती, विनोद होता, की माफी,
या एका वाक्याचं भाषांतर
मला अजून जमलेलं नाही.

पुढच्या फेरीला त्याच्या खुर्चीत दुसराच.
कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर सातवं कलम गेलं असतं.
मीही खाली मान घालून पेन्सिलीला टोक काढलं.

करार टिकला सव्वादोन वर्षं.
लोक विचारतात, एवढं करून मिळालं काय?
सव्वादोन वर्षं, मी म्हणते.
माझ्या भाचीचं पोर तेवढ्यात चालायला, बोलायला,
खोटं बोलायलाही शिकलं.
त्यांच्या तुरुंगांतही तीच सव्वादोन वर्षं गेली.
ती कुठल्या रकान्यात लिहायची
ते मला कुणी सांगितलं नाही.

गुलाब दारात तसाच उभा.
"नाक जरा लहान कर," म्हटलं, तसबीर आठवून.
त्यानं ओल्या अंगठ्यानं दाबलं.
"आणि कान राहिलेत रे."
"बडग्याले कानाचं काय काम, मॅडम?
जाळाचाच तं आहे."

सकाळी काळी मारबत गेली, पिवळी गेली,
ढोलांनी खिडक्यांच्या काचा थरथरल्या,
आणि मग हातगाडीवरून तो आला,
दुमजली, बॉम्ब पोटावर सरकलेला.
कान होते.
रात्रीतून चिकटवलेले, एक मोठा, एक लहान.
गर्दी ओरडली, घेऊन जा गे मारबत!
शेजारचं पोरगं माझ्याकडे बघत होतं,
ही बाई गप्प का म्हणून,
तेव्हा मीही ओरडले.
घसा ओळखीच्या जागी बसला.

पेटवल्यावर थर्माकोलचा काळा धूर आला.
पिशवीतली बाटली काढून
एक घोट पाणी प्यायले
आणि सवयीनं थांबले,
समोरचा बोलेल म्हणून.