तेरा नंबरचा पाना

शिरोली एमआयडीसीतून चौगुल्यांचा पोरगा आला,
टेम्पोत चार खांब, दोन फळ्या, एक रबरी हातोडा.
व्हीनस कॉर्नरच्या मागं आमचं दुकान,
ऑइल इंजिनाचे स्पेअर, बेअरिंग, नटबोल्ट.
काउंटरसमोरच्या मोकळ्या जागेत, चहा निवायच्या आत
त्यानं मांडणी उभी केली.
खाचेत टोक बसवायचं, वरून एक थाप.
झालं.
"वैनी, एकटा माणूस दहा मिनिटांत लावतोय,
दहा मिनिटांत उघडतोय. पाना लागतच न्हाई."

दस्तगीर शिकलगार स्टुलावर बसून बघत होता.
सासऱ्यांच्या वेळेपासून गोदामातल्या मांडण्या
त्यानंच आवळल्यात;
दर खंडेनवमीला, पूजेआधी,
प्रत्येक नटाला पाव आटा.
तो एवढंच म्हणाला,
"नटबोल्ट इकून खाणारं दुकान हे.
आन मांडणी बिनबोल्टाची?
गिऱ्हाईक काय म्हणंल?"

मी हसले.
मग कॅल्क्युलेटर उगाच एकदा पुसला.

मागच्या भिंतीवर पुराची रेघ आहे, एकोणीस सालची.
तीनदा रंग मारला, तीनदा खालून वर आली.
त्या रात्री पाणी दुसऱ्या फळीला टेकलं
तेव्हा फळी फक्त हातभर वर घ्यायची होती,
आणि एक नट हलेना.
डिझेल ओतलं. शिव्या घातल्या. हॅकसॉ चालवला.
दस्तगीर कमरेएवढ्या पाण्यात,
बॅटरी काखेत, तेरा नंबरचा पाना दातात.
पाना काढून म्हणाला,
"वैनी, मीच आवळलंय ओ हे."
अकराशे बेअरिंग गेली.
गॅस्केटची खोकी भिजून पावासारखी फुगली
आणि पाणी उतरल्यावर
तशीच फुगलेली वाळली.

म्हणून मी पोराला विचारलं, वजन किती घेईल?
"फळीला तीनशे किलो. सारखं पसरून ठेवलं तर."
सारखं पसरून!
आमच्याकडं सर्जेराव माल लावतो.
तो क्रँकशाफ्ट ठेवत नाही, टाकतो,
आणि तेही जिथं हात पोचेल तिथं,
म्हणजे नेहमी डावीकडच्या कोपऱ्यात.

तेवढ्यात दस्तगीर उठला.
गुडघे धरत मांडणीखाली वाकला,
फळीला खालून खांदा लावला
आणि वर रेटला.
टक्.
पुढची पट्टी खाचेतून सुटून फरशीवर नाचली.
पोरगा गोरामोरा झाला.
"काका, खालून कोण ढकलतंय?"

"पाणी," दस्तगीर म्हणाला.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
रस्त्यावर केएमटीनं ब्रेक मारला,
शेजारच्या बरणीवाल्यानं शटर अर्धं ओढलं.
पोरगा खाली बसून ती पट्टी
परत परत बसवून बघत होता.
हातोडा न मारता,
नुसत्या अंगठ्यानं.
मला तो तेव्हा आवडला.

शेवटी काय घेतलं, ते सांगते.
माळ्यावर बिनबोल्टाची:
गॅस्केट, रिंगा, रबरी नळ्या, हलकं सगळं,
उद्या चढवायचं, परवा उतरवायचं.
खाली क्रँकशाफ्टला जुनेच अँगल, आडवे टेके देऊन,
भिंतीला ठोकून,
आणि दस्तगीरचा नवा नियम,
जो त्यानं मला न विचारता केला:
यंदापासून खंडेनवमीला
प्रत्येक नट आधी पूर्ण उघडायचा,
आट्यांना ग्रीस लावायचं,
मगच आवळायचा.
"लई वेळ जाईल," मी म्हटलं.
"जाऊ दे की," तो म्हणाला, "मी कुठं जातोय?"
त्याचा हात आता पाना धरताना थरथरतो,
हे आम्ही दोघंही बोलत नाही.

संध्याकाळी बिल फाडलं.
दोनशे चाळीस नट, तेवढेच बोल्ट, तेवढेच वॉशर.
दुकान आमचं, गिऱ्हाईक मीच.
दस्तगीरनं मोजून दिले,
वर दोन जादा टाकले
आणि विचारलं,
"उधारी, का रोख?"