शाळेवर चर्चा आहे, म्हणून शाळा बंद

पत्र मोबाइलवर आलं मंगळवारी रात्री पावणेदहाला.
रेंज होती, म्हणजे मी पाण्याच्या टाकीवर चढलो होतो.
विषय : नवीन धोरणावर तालुकास्तरीय विचारमंथन.
गुरुवारी अकरा वाजता, पंचायत समितीचं सभागृह,
सर्व शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांनी उपस्थित राहावे,
व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना सोबत आणावे,
चहा-नाश्ता होईल,
गैरहजेरी गांभीर्याने घेतली जाईल.

खाली सात मुद्दे.
तिसरा : पाचवीपर्यंत शिक्षण घरच्या भाषेत.
सहावा : वीसच्या आतल्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत.
मधले दोन खेळाचे आणि कौशल्याचे,
ते नसते तर तिसऱ्यानं सहाव्याला विचारलंच असतं,
काहून बाप्पा, घरच्या गोष्टी बोलतं
अन् घरच उचलून नेतं?

माझ्या पटावर अकरा.
दहा कोलामी बोलतात,
अकरावी दुरपताबाईची नात, तिची वऱ्हाडी.
सहा वर्षांत मी चौदा शब्द शिकलो.
ईर म्हणजे पाणी. माक म्हणजे झाड. किस म्हणजे जाळ.
चौदा शब्दांत पोराला पाणी पाजता येतं,
झाडाखाली बसवता येतं, जाळापासून लांब ठेवता येतं.
वजाबाकीतला हातचा समजावता येत नाही.
हातचा म्हटलं की सगळी आपापल्या हाताकडे बघतात.

जंगू आत्राम अध्यक्ष.
म्हणाला, गुरुवारी बाजार हाय गुरुजी, सहा टोपल्या झाल्या इनून.
सभागृह बाजाराच्या पल्याडच ना?
हो म्हटलं.
मंग टोपल्या संगच घेतो. मांगं ठेवीन भिंतीले लावून.
बोलायचं काय, तेही विचारलं त्यानं.
जे वाटतं ते, मी म्हटलं.
बराच वेळ तो बांबूची कांब तासत राहिला.
मोठी शाळा नाल्याच्या तिकडं हाय,
थे तं नकाशात दिसतच असन त्यायले.

कॉलेजातल्या खोंडे सरांचा फोन आला,
प्रास्ताविक त्यांच्याकडे आहे.
नितनवरे, तुमच्याकडे एक्स्टेंशन बोर्ड आहे का?
प्रोजेक्टर मिळाला, पण वायर पुरत नाही.
आहे म्हटलं. शाळेत वीज आली की लावू म्हणून घेतलेला,
अजून पाकिटातच आहे.
पाकीटही आणा, ते म्हणाले, परत देताना बरं पडतं.

शेवटी अभिप्रायाचा रकाना. शब्दमर्यादा दोनशे.
मी आतापर्यंत तारीख लिहिली.

बुधवारी चार वाजता फळा पुसला आणि लिहिलं,
उद्या शाळा नाही.
दुसरा गुरुजी असता तर हे लिहावं लागलं नसतं,
पण तो मुद्दा सातांत नाही.
पहिलीतल्या दोघांनी तोंडं वर केली.
चौथीतल्या मुत्तीनं मागे वळून त्यांना सांगितलं,
माझ्या तीन शब्दांचं तिनं चांगलंच लांबवलं,
हात केला रस्त्याकडे, मग माझ्याकडे,
मध्येच एकदा ईर आलं, तेवढं कळलं,
आणि सगळा वर्ग हसला.
काय सांगितलंस गं?
काई नाई गुरुजी.

कुलूप लावलं, किल्ली द्यायला मागच्या शेडमध्ये गेलो.
दुरपताबाईनं उद्याच्या उसळीची मटकी
सकाळीच भिजवून फडक्यात बांधलेली,
खुंटीला लोंबत होती, थेंब थेंब गळत.
सांगायला उशीर झाला खरा.
ती गाठोड्याकडे बघत म्हणाली,
मले सांगतलं ते ठीक हाय.
इले तं मोड येतीन रातच्याले,
इले कोनं सांगावं सुट्टी हाय म्हून?