माप पूर्वीचेच

तीर्थस्वरूप अण्णांस शरणार्थ. पत्र पावले,
भाकऱ्यांचे गाठोडेही पावले. गाडीवान भला माणूस,
भीमेच्या उतारात बैल बसले तरी
डोक्यावर धरून त्याने ते कोरडे आणले.

एवढं लिहून थांबलोय.
मालधक्क्यावरचा दिवा मिणमिणतोय,
कापूस उडून शाईत पडतो,
टाक पुन्हा पुन्हा पुसावा लागतो.

बायकोला पत्र लिहायची आपल्यात रीत नाही.
अण्णांना लिहायचं. अण्णा ओसरीवर मोठ्यानं वाचणार,
आणि ती दाराआड, जात्याशी,
खुंटा धरून थांबलेली.
म्हणून मी म्हशीची विचारपूस करतो. शाळूची करतो.
अव्वाच्या गुडघ्यांची करतो.
घरच्या साऱ्या मंडळींची करतो, आणि त्या ‘साऱ्या’त
एक नाव दडवून ठेवतो.

अण्णांनी लिहिलंय, सर्व क्षेम, काळजी नसावी.
पण भाकरी मोडली तर कड जाड.
नीलव्वाची कडक भाकरी उजेडात धरली की
पलीकडची ज्योत दिसते.
ही अव्वाच्या हातची. चळतच्या चळत अव्वाच्या हातची.

मग पत्राच्या पाठीवर खर्चाची याद.
मीठ. पेंड. वैद्यास सव्वा रुपया, दोनदा.
आणि अगदी तळाशी, बारीक मोडीत:
कासारास दीड आणा. बांगड्या, लहान मापाच्या.

दिवसभर मी गठ्ठे जोखतो.
काट्याची जीभ सरळ उभी राहिली
की मण-शेर वहीत मांडतो.
सहा हंगाम हेच केलं. एका मनगटाचं
किती झडलं ते दीड आण्यात कळतं,
हे मात्र ठाऊक नव्हतं.

रजा मागितली. साहेब म्हणाला, कापूस सरू दे.
दिवेलागणीला सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो,
पायरीवर बसलो. मागणं मागायला तोंड उघडलं
तर हिशेबच बाहेर आला:
दोन नद्या, सतरा कोस,
एक रात्र आणि वर अर्धा दिवस.

उठून थेट कासाराचं दुकान गाठलं.
माप? त्यानं विचारलं.
मी दोन्ही हातांची बोटं जुळवून
हवेत एक गोल धरला, आणि तो
लहान होऊ दिला नाही.
घरच्या अंगानं भरलेल्या दिसतात, कासार हसून म्हणाला.
हो, म्हणालो.

पुढे लिहितो.
म्हशीस सरकी घालावी. दूध विकू नये, घरातच राहू द्यावे.
रुपये तीन गाडीवानापाशी दिले आहेत, मोजून घ्यावे.
माझ्याकडील खर्चाची याद येणेप्रमाणे:
कासार, दोन आणे. हिरव्या, बारा.
माप पूर्वीचेच.

बाकीचे पत्र मनात वाचले तरी चालेल.
याद तेवढी मोठ्याने वाचावी.