लोटलीचा चढ

काटा डी वर असतो. इंजिन गुरगुरतं.
चाकांना मात्र ते कुणी कळवत नाही.

मागे कुंडईच्या कारखान्यातल्या बर्फाच्या बावीस लाद्या,
भुशात, गोणपाटात गुंडाळलेल्या,
कुटबणच्या जेटीवर सातला पोचवायच्या.
बोरीचा पूल ओलांडला, चढ लागला,
आणि गाडी उभी राहिली.
गाडी उभी राहिली की माझा माल चालू लागतो:
फाळक्याखालून थेंब, मग धार,
मग डांबराच्या कडेकडेने परत पुलाकडे,
जणू काही विसरून आलाय तिथे.

हे तिसऱ्यांदा.

लोक विचारतात, ऑटोमॅटिक कशाला घेतलीस,
मालाच्या गाडीला ही थेरं?
मी पँट वर करून दाखवत नाही.
सावर्ड्याच्या धक्क्यावर बार्ज भरताना
दोरखंडात डावा घोटा सापडला.
क्लच दाबणारा पाय तिथेच राहिला,
घरी आला तो चपलेपुरता.

पहिल्यांदा फोंड्याला.
क्लचप्लेटी जळल्या म्हणाले, पंचेचाळीस हजार घेतले,
‘आता दहा वर्षं बॉनेट उघडू नका.’
पाच महिने चालली.
दुसऱ्यांदा वेर्ण्याला. काचेचं ऑफिस, थंड हवा, कागदी पेल्यात कॉफी.
कंप्युटर लावला, कंप्युटरने एक कोड सांगितला,
कोडने किंमत सांगितली.
प्रेमावतीने भिशीचा आपला नंबर
हातापाया पडून अलीकडे आणला.
मला म्हणाली, एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या,
आणि त्या चढावर थांबल्या असत्या
तर निदान रवंथ तरी केला असता.

तिसऱ्यांदा पैसे नव्हते, म्हणून इनास मिस्त्री.
राय गावात नीरफणसाच्या झाडाखाली
दोन जॅक, एक खड्डा, एक भाची.
लविता तिचं नाव. तिने कंप्युटर लावला नाही.
तिने विचारलं, रेडिएटरात पाणी किती वेळा घालता?

आठवड्याला एकदा, मी म्हटलं. कधी दोनदा.
उन्हाळा म्हणून. जुनी गाडी म्हणून.
ते पाणी जातं कुठे, हा प्रश्न मला पडला नव्हता.
काचेच्या ऑफिसलाही पडला नव्हता.

तिने खाली सरपटत जाऊन नट सोडला.
लाल तेल यायला हवं होतं.
आलं ते दाट, गुलाबी, वर बारीक फेस.
इनासने बोट बुडवून उजेडात धरलं:
‘पात्रांव, हें तेल न्हय. सोलकडी!’
आम्ही हसलो. सगळ्यात जास्त मी हसलो,
एक लाख वीस हजारांचं हसलो,
डोळे पुसावे लागले.

रेडिएटरच्या पोटात करंगळीएवढी एक नळी,
तिला केसाएवढी चीर.
पाणी तेलात उतरत होतं,
आणि आम्ही दर वेळी दुरुस्त करून, पुसून, पावती लावून
गिअरबॉक्स पुन्हा त्याच चिरेच्या तोंडी देत होतो.
दुखणं शेजारच्या घरात,
ऑपरेशन याचं.

कुटबणहून फ्रांसिस्कूचे सात फोन येऊन गेले होते.
उरल्या होत्या नऊ लाद्या, साबणाच्या वडीसारख्या झिजलेल्या.
लविताने त्यांच्याच पाण्यात हात धुतले,
एक तुकडा फोडून गालात धरला
आणि म्हणाली, जुन्या बाजाराला एक रेडिएटर बघितलाय.

त्याला आता अकरा महिने झाले.
बरी आहे, असं मी मोठ्याने म्हणत नाही,
लोखंडालाही दृष्ट लागते.
पूल आला की रेडिओ बंद करतो,
खिडकी खाली, कान बाहेर.
चढ लागतो. काटा डी वर.
आणि मध्यावर माझा डावा पाय,
ज्याला या गाडीत काही काम नाही,
रबरी पायपुसणं जोरात दाबून धरतो.

मी दाबू देतो.
मागे बर्फ आहे. सातला दहा मिनिटं.